अंबूबाईंच्या पांढऱ्या रेघा

आमच्या लहानपणी अकोल्यात एक हिवाळा असा गेला की, मळ्याकडच्या वाटेवर सकाळी पहिलं पाऊल टाकायला कोणी धजत नसे. उजाडताना त्या मातीच्या वाटेवर पांढऱ्या आडव्या रेघा दिसत. हातभर लांब, दोन-दोन वितींच्या अंतरानं, मोर्णा नदीकाठच्या माळ्यांच्या मळ्यापासून थेट मुलींच्या शाळेच्या फाटकापर्यंत. ऊन जरा वर आलं की त्या रेघा ओलांडत एक नऊ वर्षांची मुलगी यायची. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नसायचं. पापणीसुद्धा क्वचित लवायची. वाटेवरच्या बाया आपली लेकरं आत ओढून घ्यायच्या आणि ती पुढं जाईपर्यंत दाराला कडी लावून बसायच्या.

रेघा मारणाऱ्या होत्या आमच्या अंबूबाई.

अंबूबाई मूळच्या अमरावतीकडच्या तिवशाच्या. वडील भिक्षुकी करत. अकराव्या वर्षी लग्न झालं, बाराव्या वर्षी नवरा गेला. एका मामानं हट्टानं अमरावतीला ठेवून घेऊन शिकवलं, मास्तरणीचं ट्रेनिंग करवलं, आणि त्या अकोल्याच्या मुलींच्या शाळेत आल्या. त्यांच्याबद्दल मला ठाऊक आहे ते एवढंच, आणि तेही त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. हाडापेरानं थोराड, आवाज पुरुषी. बाराही महिने काखेत छत्री, पण ती उघडलेली कोणी पाहिली नव्हती. पदराच्या गाठीत फुटाणे असत. वर्गात कोणी रडलं की त्या समजूत घालत नसत, दोन फुटाणे हातावर ठेवून पुढं जात. रागावल्या की आम्हा चिमुरड्यांना अहोजाहो करत. "अहो शांताबाई, पाटी घेऊन इकडे या जरा," असं म्हटलं की मी उठता उठता पाटी पुसून टाकायची.

त्यांची एक खोड मात्र गावभर माहीत होती. प्रश्न विचारला की त्या उत्तराची वाट बघत. आपण आता बघतो तशी नव्हे. हाताची घडी घालून, मुलीच्या तोंडाकडे बघत, पाच मिनिटं लागोत की दहा. वर्गात चिडीचूप. एकदा तपासणीला आलेले साहेब त्यांच्या शेजारी खुर्चीत बसले होते आणि बाई एका लोहाराच्या मुलीच्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. साहेबांनी दोनदा घड्याळ काढलं, शेवटी म्हणाले, दुसरीला विचारा. बाई त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या की प्रश्न हिला विचारलाय, दुसरीचा काय संबंध. मुलीनं उत्तर दिलं, तेही चुकीचं. बाई म्हणाल्या, "छान. आता कुठे चुकलं ते बघू." साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं कोण जाणे.

गिरजा आमच्याच वर्गात होती. नामदेव माळ्याची थोरली पोर. शेवंती, झेंडू, वांगी आणि मेथी यांचा त्यांचा मळा होता. गिरजा येताना ओटीत फुलं घेऊन यायची आणि सगळ्यांच्या वेण्यांत खोचायची. हसायला लागली की तिला आवरत नसे. हसता हसता खाली बसायची. बाई तिला वर्गाबाहेर घालवायच्या आणि ती बाहेरसुद्धा हसत उभी राहायची.

त्या वर्षी पाऊस लवकर उघडेना. मळ्यांच्या पलीकडे वीटभट्ट्यांचे खड्डे होते, ते काठोकाठ भरले आणि महिनाभर तसेच राहिले. पाण्यावर हिरवी साय आली. डुकरं त्यात लोळत आणि त्यांच्या पाठींवर बगळे बसून असत. संध्याकाळी डासांचा असा घोळका उठे की दुरून धूर वाटावा. भादव्याच्या शेवटी मळ्यात तीन पोरं एका पंधरवड्यात तापानं पडली. एक गेलं. दुसरा एक मुलगा उठला, पण त्याला झटके येऊ लागले, आणि आधी गायीसारखा गरीब असलेला तो पोरगा आईला चावायला धावू लागला. तिसरी गिरजा. अकरा दिवस ती शुद्धीवर नव्हती. मान मागं लाकडासारखी ताठ, डोळे उघडे. मळ्यातले लोक म्हणत, ताप डोक्यात गेला.

पुढं कितीतरी वर्षांनी माझा पुतण्या डॉक्टर झाला, तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, काकू, आता नक्की कोण सांगणार, पण वर्णन मेंदूच्या तापाचं आहे. त्याचं विष बगळ्यांत आणि डुकरांत राहतं, डास ते माणसाच्या लेकरात आणून सोडतो. ताप उतरतो, पण मेंदूत खोल जिथून चेहरा आणि चाल हलते, ती जागा कधी कधी जळून जाते. तेव्हा अकोल्यात हे कोणाला ठाऊक नव्हतं. डासाचा आणि त्या तापाचा कोणी संबंधच जोडला नव्हता.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी गिरजाची माय तिला कडेवर घेऊन आली. नऊ वर्षांची पोर कडेवर. वर्गाच्या दारात तिनं तिला खाली ठेवलं आणि गिरजा जशी ठेवली तशी उभी राहिली. एक हात किंचित पुढं, मान थोडी वाकलेली. चेहरा नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि ती पुसत नव्हती. उजव्या हाताचा अंगठा तेवढा पहिल्या बोटावर फिरत होता, एकसारखा, देवासाठी वाती वळाव्यात तसा. आम्ही तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे आमच्याकडे होते, पण ते आम्हाला बघत होते की आमच्या मागच्या भिंतीला, ते सांगता येत नव्हतं. माझ्या शेजारची मुलगी रडायला लागली.

गिरजाची माय बाईंना म्हणाली, "हे आमची गिरजा नाई, बाई. रूप तिचं हाये. पोरगी त्या तापातच गेली, आन हे दुसरंच कोनी येऊन बसलं. दिवसभर माह्या मांगं उभं रायते. मले भेव लागते. तुमी दिवसभर ठेवून घ्या."

बाईंनी तिला कारण विचारलं नाही, की समजूतही घातली नाही. गिरजाच्या तोंडावरची लाळ स्वतःच्या पदरानं पुसली, खांद्यांना धरून तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि हजेरी घ्यायला लागल्या. गिरजाचं नाव आलं तेव्हा त्या थांबल्या. थांबल्या म्हणजे थांबल्याच. वर्गात फक्त त्या बोटांचा बारीक आवाज. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं.

आठ-दहा दिवस असेच गेले. गिरजा बसवली तिथं बसे, उभी केली तिथं उभी राही. तिच्या मागच्या रांगेतल्या मुलींनी जागा बदलून मागितल्या. एका सकाळी बाईंनी पाढ्यांत तिला विचारलं, सात नव्वे किती? नेहमीसारख्या थांबल्या, मग तास संपला. दुपारी आम्ही कविता म्हणत होतो. चाळीस मुली एका सुरात. कडवं संपून जरा शांत झालं आणि पहिल्या रांगेतून एक आवाज आला. सपाट, खोल, एखाद्या रिकाम्या रांजणातून यावा तसा.

"त्रेसष्ट."

ओठ जेमतेम हलले होते. दोघी-तिघी उठून दाराकडे पळाल्या. अंबूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता, ते मी पाहिलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "बरोबर." आणि पुढचं कडवं सुरू केलं.

त्याच संध्याकाळी त्या मळ्यात गेल्या. आमचं घर त्याच वाटेवर, वडिलांची वकिली आमच्याच ओसरीवर चाले. त्यामुळं मळ्यात जे बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी पक्षकारांच्या तोंडून आमच्याकडे आलं. बाईंनी मायबापांना सांगितलं की पोरगी आत आहे, तिला बाहेर यायला वेळ लागतो एवढंच. नामदेव ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. मेळघाटाकडचा एक भगत यायचा होता. तो तापलेल्या सळीनं कपाळावर आणि पोटावर डाग देई, म्हणजे आत बसलेलं निघून जाई. नामदेवनं त्याला शब्द दिला होता. बाई खूप वेळ बोलल्या. शेवटी नामदेव म्हणाला की ती आपल्या पायानं शाळेत जाऊन दाखवील तर डाग द्यायचा नाही. आधी चार दिवसांची सवड, मग एक महिना, रोज, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. एक दिवस चुकला तरी भगत येणार. तिला चालता येत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणूनच तो तसं म्हणाला असावा.

बाईंनी ते कबूल केलं. कशाच्या जोरावर, ते त्यांनाही ठाऊक नसावं, कारण पुढचे तीन दिवस त्या गिरजाला हाताला धरून चालवायचा प्रयत्न करत होत्या आणि गिरजाचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होते. पुढं ढकलली की ती उभीच्या उभी पडायची.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही आवारात ठिकरी खेळत होतो. चोपून टणक झालेल्या जमिनीवर कोळशानं आखलेल्या चौकटी. बाईंनी गिरजाला आणून चौकटींच्या कडेला उभी केली होती, उन्हात. माझी ठिकरी टाकून झाली होती. मी वळून पाहिलं तर गिरजा पहिली रेघ ओलांडत होती. पाय उचलून, हलका, ताप येण्याआधी चालायची अगदी तशी. दुसरी रेघ, तिसरी, चौथी. आठवी संपली आणि ती पुन्हा दगड झाली. पाय अर्धवट उचललेला तसाच.

बाई वर्गात गेल्या, खडूचा तुकडा घेऊन आल्या आणि गिरजाच्या पुढं जमिनीवर एक रेघ मारली. गिरजानं ती ओलांडली. बाईंनी आणखी एक मारली. मग आणखी एक. बाई गुडघ्यांवर मागं मागं सरकत होत्या आणि ती त्यांच्या अंगावर चालून येत होती, चेहऱ्यावर काहीच नसलेली. खडू संपला तेव्हा ती लिंबाच्या झाडापाशी पोचली होती. बाई तिथंच मातीत बसून राहिल्या.

पुतण्याला हे सांगितलं तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. म्हणाला, अशा माणसांना रेघ दिसली की मेंदू पायाला दुसऱ्या वाटेनं हुकूम देतो. बाईंना मेंदूबिंदू काही ठाऊक नव्हतं. त्यांना रेघ कळली, तेवढी पुरली.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. बाई पहाटे चुन्याची बादली आणि केरसुणीचा बुडखा घेऊन निघत आणि पुसलेल्या तेवढ्या रेघा पुन्हा मारत शाळेपर्यंत येत. मग मळ्याकडे परत फिरत, आणि गिरजा घरातून निघे. बाई तिच्यापासून दहा पावलं मागं असत, काखेत छत्री. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. लोकांनी आधी नुसतं पाहिलं. मग बोलायला लागले. कोणाचा बैल रेघेपाशी अडला. कोणाच्या दिवस गेलेल्या सुनेचं पोट पडलं, तर तिनं आदल्या दिवशी रेघ ओलांडली होती म्हणे. मग कोणीतरी म्हणालं, बाई रेघेनं तिला बांधून चालवतात, आणि ज्या घराच्या दारासमोर ती थांबेल त्या घरातलं एक जाईल. माझी आईसुद्धा ती यायच्या वेळी देवापाशी जाऊन बसे. मी खिडकीच्या फटीतून बघायची. खोटं कशाला सांगू, मलाही भीती वाटायची. ती माझ्या वेणीत फुलं खोचणारी मैत्रीण होती, तरीही.

अठ्ठावीस दिवस झाले होते. एकोणतिसाव्या सकाळी बाईंनी रेघा मारल्या आणि मळ्याकडे न फिरता त्या शाळेची किल्ली आणायला पुढं गेल्या. तेवढ्या वेळात कोणीतरी पाणी मारून, वर शेण फिरवून बाजाराच्या तोंडाशी वीस-पंचवीस हात वाट कोरी करून टाकली. गिरजा रेघ रेघ ओलांडत तिथवर आली आणि थांबली. रस्त्याच्या बरोबर मधोमध, आमच्या घरासमोर.

जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या यायला लागल्या होत्या. पहिल्या गाडीवाल्यानं हाळी दिली, मग गाडी थांबवली. मागं चार, मग सात गाड्या. लोक जमले, पण सगळे दूर. तिला हात लावायला कोणी पुढं येईना. आमच्या दारासमोर ती उभी राहिली म्हणून आईनं आत तोंडाला पदर लावला होता. ऊन चढत होतं. गिरजाच्या डोळ्यावर माशी बसली, तिनं ती उडवली नाही. फक्त अंगठा वाती वळत होता. गर्दीत नामदेव उभा होता, हातात खुरपं. एक दिवस चुकला तरी भगत येणार, हे त्याला आठवत होतं आणि तिथं जमलेल्या निम्म्या लोकांनाही.

बाई शाळेकडून धावत आल्या. चुना नव्हता, खडू नव्हता. त्यांनी त्या कोऱ्या वाटेकडे पाहिलं, मग लोकांकडे. मला वाटलं आता त्या अहोजाहो करून कोणाची तरी हजेरी घेणार. त्यांनी छत्री आमच्या ओट्यावर ठेवली, चपला काढल्या, गिरजाच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि आपलं उजवं पाऊल तिच्या पायांपुढं आडवं टाकलं.

"ओलांड, माय," त्या म्हणाल्या. "मले घाई नाई."

शाळेत कधी न ऐकलेली ती त्यांची तिवशाची बोली होती. त्या उभ्या राहिल्या. गाडीवाले, दुकानदार, आमचे वडील, सगळे उभे राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग गिरजाचा पाय उचलला गेला आणि बाईंच्या पावलावरून पलीकडे पडला. बाईंनी दुसरं पाऊल मागं आडवं टाकलं. तिनं तेही ओलांडलं. अशा त्या उलट्या पावली मागं सरत गेल्या, पाऊल आडवं, मग दुसरं आडवं. भिक्षुकाची विधवा लेक भर बाजारात आपल्या पायांवरून माळ्याच्या पोरीला चालवत होती, आणि त्या पोरीची लाळ तिच्या पावलांवर पडत होती. पुढं पांढरी रेघ लागली तेव्हा बाई बाजूला झाल्या. गिरजा त्यांच्या जवळून निघून गेली. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

नामदेव पुढं झाला, ओट्यावरची छत्री उचलून त्यानं बाईंच्या हातात दिली आणि मळ्याकडे वळला. भगत आला नाही.

शाळेच्या कमिटीनं बाईंना बोलावलं. तक्रारीचे तीन अर्ज होते. जादूटोण्याचं कोणी उघड लिहिलं नव्हतं. सार्वजनिक वाट घाण करणं आणि पालकांत घबराट पसरवणं, असं होतं. बाईंनी काय उत्तर दिलं ते वडिलांनी घरी सांगितलं. त्या म्हणाल्या, वाट मी धुऊन देईन, घबराट तुम्ही धुवा. महिन्याभरात त्यांची अमरावतीला बदली झाली. जायच्या दिवशी त्या वर्गात आल्या, हजेरी घेतली, पाढे म्हणवून घेतले आणि घंटा झाल्यावर निघून गेल्या.

नंतर गिरजा शाळेत आली नाही. पण त्या उन्हाळ्यात मी आईबरोबर मळ्यात भाजी आणायला गेले, तर नामदेवनं शेवंतीचे वाफे मोडून नव्यानं घातले होते. घरापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून गोठ्यापर्यंत, सगळीकडे दोन-दोन वितींवर छोटे बांध. पाणी द्यायला ती रचना अगदी गैरसोयीची होती, हे आईलासुद्धा कळलं. त्या बांधांवरून गिरजा चालत होती आणि फुलं तोडून टोपलीत टाकत होती. एक फूल, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. माय तिच्या मागं टोपली धरून उभी होती. आता माय तिच्या मागं उभी राहायची. गिरजा पुष्कळ वर्षं जगली. हात थोडे सुधारले, नाव विचारलं तर सांगायची. हसली मात्र कधी नाही.

माझं लग्न होऊन मी अमरावतीला आले. लढाई नुकतीच संपली होती, नागपूरकडून आलेल्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. एका सकाळी मोटार स्टँडवर मी यजमानांना पोचवायला गेले होते, तिथं अंबूबाई दिसल्या. केस पांढरे, पाठीला बाक आलेला. मी पाया पडले, नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं की नाही कळलं नाही, पण अकोला म्हटल्यावर बाकावर जागा करून दिली. शाळेतून त्या दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाल्या होत्या. मी गिरजाचं सांगितलं, बांधांचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

मग मी नको ते विचारलं. म्हटलं, बाई, तुम्हाला तिची कधी भीती नाही वाटली?

समोर मोटारीच्या टपावर संत्र्यांच्या रिकाम्या करंड्या चढवत होते.

"रोज वाटायची," त्या म्हणाल्या. "तिच्या मायसारखंच मलाही वाटायचं की आत दुसरंच कोणी आहे. ते त्रेसष्ट म्हणाली ना, त्या रात्री मी दिवा मालवला नाही. पहाटे रेघा मारताना पाठीमागं कोणी चालतंय असं वाटायचं. मी वळून बघत नसे."

मग तुम्ही ते सोडून का दिलं नाहीत, असं मी विचारणार होते, पण ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. शेंदूरजनाघाटची मोटार होती. बाई उठल्या. मी विचारलं, तिकडे कोण आहे तुमचं? त्या म्हणाल्या, कोणी नाही. तिकडे संत्र्याच्या बागांत या पावसाळ्यात लेकरांना ताप आला होता, असं एका जुन्या पालकाकडून कळलं. सहा-सात लेकरं. काही गेली.

"बाकीची उठली असतील," त्या म्हणाल्या, "आणि कुठेतरी उभी करून ठेवली असतील."

त्या पायरी चढल्या. आत जागा नव्हती, एका माणसानं उठून दिली. खिडकीशी त्या बसल्या, छत्री मांडीवर आडवी घेतली, आणि मी हात हलवला तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पुढं, रस्त्याकडे बघत होत्या. दोन्ही हातांनी त्यांनी समोरची लोखंडी दांडी घट्ट धरली होती, इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी झाली होती. मोटार धूर सोडत निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.